शेवटच्या नऊ रांगा : सेंट लुईसच्या उघड्यावरच्या संगीत रंगभूमीविषयी

अमेरिकेच्या मिझुरी राज्यातील सेंट लुईस शहरात, फॉरेस्ट पार्क नावाच्या विस्तीर्ण सार्वजनिक उद्यानात, उतारावर बांधलेले आणि प्रेक्षकांच्या डोक्यावर आकाशाखेरीज दुसरे छत नसलेले एक नाट्यगृह आहे. त्यात एका वेळी सुमारे ११,००० माणसे बसतात आणि १९१९ पासून तेथे उन्हाळ्याच्या रात्री संगीत नाटके होत आली आहेत. हे नाट्यगृह चालवणाऱ्या संस्थेचे कागदोपत्री नाव ‘म्युनिसिपल थिएटर असोसिएशन’ असे भारदस्त असले, तरी गावातली माणसे त्याला ‘द म्युनी’ एवढेच म्हणतात, आणि ‘म्युनिसिपल’ या रूक्ष सरकारी शब्दाचे असे लाडके लघुरूप होणे हीच या संस्थेबद्दलची पहिली लक्षात घेण्याजोगी गोष्ट आहे. आपल्याकडे ‘मुन्शीपालटी’ या उच्चारात थट्टेचा आणि तक्रारीचा सूर अधिक असतो. सेंट लुईसमध्ये त्याच शब्दाच्या वाट्याला माया आली, याचे कारण नगर प्रशासनाने रस्ते आणि गटारे यांच्या बरोबरीने नाटक हीसुद्धा नागरिकांची सोय मानली.

रंगभूमीचा इतिहास लिहिणारा सहसा रंगमंचाकडे तोंड करून बसतो, म्हणजे नाटककार, नट, गायक, गाजलेले प्रयोग आणि पडलेले प्रयोग यांच्या क्रमाने तो काळाची मांडणी करतो. म्युनीच्या बाबतीत या रीतीने फारसे हाती लागत नाही, कारण तेथे होणारी नाटके बहुतांशी इतरत्र, आधी युरोपात आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये, लिहिली आणि गाजवली गेलेली होती, आणि मोठे नटही बाहेरूनच येत असत. या संस्थेचे स्वतःचे असे जे काही आहे, ते प्रेक्षागृहाच्या उलट्या टोकाला सापडते. तेथील शेवटच्या नऊ रांगा, म्हणजे सुमारे दीड हजार जागा, प्रत्येक प्रयोगाला विनामूल्य असतात. जो आधी येईल त्याला जागा, एवढाच त्यांचा नियम आहे. या जागा कोठून आल्या, त्यांचा खर्च कोणी उचलला आणि ‘सर्वांसाठी’ या शब्दातील ‘सर्व’ कोण होते, हे तीन प्रश्न विचारले की या रंगभूमीचा इतिहास खऱ्या अर्थाने उलगडू लागतो, आणि प्रस्तुत प्रस्तावनेचा भरही त्यांच्यावरच आहे.

मराठी वाचकासाठी प्रथम काही संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. ‘ऑपेरा’ म्हणजे ज्यात संवादही प्रायः गाऊनच म्हटले जातात असे युरोपीय संगीतनाट्य. ‘ऑपेरेटा’ म्हणजे त्याचे हलकेफुलके धाकटे भावंड, ज्यात बोललेले संवाद आणि गायलेली पदे आलटून पालटून येतात, कथानक बहुधा प्रेमाचे आणि गैरसमजाचे असते व शेवट गोड होतो. आणि ‘म्युझिकल’ म्हणजे या ऑपेरेटातून व अमेरिकेतील लोकप्रिय करमणुकीच्या इतर प्रकारांतून विसाव्या शतकात घडलेले, नृत्याला मोठे स्थान देणारे संगीत नाटक. गद्य संवाद आणि पदे यांची वीण पाहता ऑपेरेटा हा प्रकार किर्लोस्करांच्या परंपरेतील संगीत नाटकाला जवळचा वाटतो, परंतु हे साम्य फार ताणता येत नाही. मराठी संगीत नाटकात नट हा गायक म्हणून रागाचा विस्तार करतो, ‘वन्स मोअर’ मिळाला की तेच पद नव्या ताना-हरकतींनी पुन्हा रंगवतो आणि कथानक तोवर एका बाजूला थांबून राहते. ऑपेरेटामध्ये प्रत्येक स्वर कागदावर बांधलेला असतो, समोरच्या खोलगट जागेत बसलेला मोठा वाद्यवृंद संचालकाच्या काठीवर चालतो, आणि मुख्य गायकांइतकेच महत्त्व ‘कोरस’ला, म्हणजे एकत्र गाणाऱ्या पन्नास-शंभर जणांच्या वृंदाला असते. हा वृंदच पुढे गावाला रंगमंचावर येण्याची वाट ठरला.

१९१० च्या जनगणनेत सेंट लुईसची लोकसंख्या ६,८७,०२९ होती आणि ते अमेरिकेतील चौथ्या क्रमांकाचे शहर होते. १९०४ चे जागतिक प्रदर्शन याच फॉरेस्ट पार्कात भरले होते आणि त्याच वर्षीचे ऑलिम्पिक सामनेही शहराने भरवले होते, त्यामुळे मोठे सोहळे पार पाडण्याचा सराव आणि हौस दोन्ही तेथे होते. मात्र कारभार जुनाट सनदेनुसार चालत होता, आणि सुधारणावाद्यांनी १९११ मध्ये मांडलेली नवी सनद मतदारांनी फेटाळून लावली होती. (सनद म्हणजे शहराच्या राज्यकारभाराचा मूळ कायदा, अमेरिकेत तो शहराचे मतदार स्वतः मंजूर करतात.) जर्मन, आयरिश, इटालियन अशा निरनिराळ्या वस्त्यांत विभागलेल्या गावाला ‘आपण एक शहर आहोत’ असे कसे वाटायला लावावे, या राजकीय अडचणीतून नाटकाची कल्पना पुढे आली, ही गोष्ट म्युनीच्या गौरवपर वृत्तांतांत फारशी ठळकपणे येत नाही; प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र ती सर्वांत महत्त्वाची आहे.

त्या काळी अमेरिकेत ‘पेजंट’ची लाट होती. पेजंट म्हणजे एखाद्या गावाचा इतिहास त्याच गावच्या शेकडो-हजारो नागरिकांनी उघड्या मैदानावर, घोडे-गाड्या-नौकांसह, प्रसंगाप्रसंगाने उभा करणे. मराठी वाचकाने बाबासाहेब पुरंदरे यांचे ‘जाणता राजा’ हे महानाट्य डोळ्यांसमोर आणले तर त्याच्या आकाराची कल्पना येईल, फरक एवढाच की पेजंटचा नायक कोणी राजा नसून खुद्द गाव असे. सेंट लुईसच्या स्थापनेला, म्हणजे १७६४ ला, दीडशे वर्षे झाल्याचे निमित्त साधून १९१४ च्या मे महिन्याच्या अखेरीस फॉरेस्ट पार्कातील आर्ट हिल या टेकडीच्या पायथ्याशी, पाण्यावर बांधलेल्या प्रचंड मंचावर असा प्रयोग झाला. त्यात सात हजारांहून अधिक नागरिकांनी भूमिका केल्या आणि टेकडीच्या उतारावर रात्रीमागून रात्री अफाट गर्दी लोटली. पूर्वार्ध थॉमस वुड स्टीव्हन्स यांनी लिहिलेला इतिहासपट होता, तर उत्तरार्ध पर्सी मॅकाय यांचे ‘मास्क’, म्हणजे अमूर्त कल्पनांना पात्रे करून रचलेले रूपकनाट्य होते, ज्यात सेंट लुईस हा एक बालक म्हणून अवतरतो, मोठा होतो आणि ‘सुवर्ण’ नावाच्या दुष्ट शक्तीशी झुंज देतो. मॅकाय यांनी दोनच वर्षांपूर्वी ‘नागरी रंगभूमी’ या विषयावर पुस्तक लिहून असे प्रतिपादन केले होते की फावला वेळ ही लोकशाहीची कसोटी आहे आणि म्हणून करमणुकीची व्यवस्था बाजारावर न सोपवता ती शहराने हाती घेतली पाहिजे. प्रेक्षकांच्या जागांपैकी मोठा भाग विनामूल्य ठेवण्यामागे हाच विचार होता, आणि पुढील काळातील नऊ रांगांचा वंश येथपर्यंत मागे नेता येतो.

प्रयोगानंतर महिनाभरात, ३० जून १९१४ रोजी, शहराने नवी सनद मंजूर केली. एका नाटकाने सनद मंजूर झाली असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण आयोजकांना तसे व्हावे असे वाटत होते यात शंका नाही; सोहळ्याच्या संघटकांतील एक प्रमुख नाव, वकील ल्यूथर इली स्मिथ, हे सनदेच्या चळवळीतही होते. (पुढे १९३३ मध्ये मिसिसिपी नदीच्या काठी भव्य स्मारक उभारण्याची कल्पना त्यांनीच मांडली, आणि आज शहराची ओळख बनलेली पोलादी कमान त्या कल्पनेतूनच उभी राहिली.) याच सोहळ्याची दुसरी बाजू अशी की, शहराच्या या गोष्टीत आफ्रिकी वंशाच्या नागरिकांना जवळजवळ स्थानच नव्हते. त्याच मतदारांनी १९१६ च्या फेब्रुवारीत वंशानुसार वस्त्या वेगळ्या ठेवणारा नियम मोठ्या बहुमताने मंजूर केला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका नियमाविरुद्ध निकाल दिल्यामुळे तो निष्प्रभ झाला, पण गाव एक करण्याच्या उत्साहात गावाची सीमा कोठे आखली गेली होती हे त्यातून स्पष्ट दिसते.

१९१६ मध्ये शेक्सपिअरच्या मृत्यूला तीनशे वर्षे झाली, त्यानिमित्त अभिनेत्री मार्गारेट अँग्लिन यांनी ‘अ‍ॅज यू लाइक इट’ हे अरण्यात घडणारे नाटक फॉरेस्ट पार्कातील दोन मोठ्या ओक वृक्षांच्या मधोमध सादर केले, आणि ती जागाच पुढे कायम झाली. महापौर हेन्री कील, उद्यान आयुक्त नेल्सन कनलिफ आणि वकील गाय गोल्टरमन यांनी तेथे दीडेक महिन्यात पक्का मंच व काँक्रीटचे प्रेक्षागृह उभे करवले व ५ जून १९१७ रोजी व्हेर्डीचा ‘आयदा’ हा ऑपेरा झाला. इथिओपियाच्या बंदिवान राजकन्येची ती कथा पार्कात गायली गेल्यानंतर महिनाही उलटला नव्हता, तोच नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईस गावात कृष्णवर्णीय कामगारांची भीषण कत्तल झाली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध नाही, परंतु एकाच जून-जुलैत, एकाच नदीच्या दोन काठांवर त्या घडल्या, हे इतिहासकाराला विसरता येत नाही.

खरी संस्था जन्मली ती १९१९ मध्ये, महायुद्ध संपल्यावर. १६ जून रोजी रेजिनाल्ड डी कोव्हन यांच्या ‘रॉबिन हूड’ या ऑपेरेटाने पहिला हंगाम सुरू झाला आणि राजा रिचर्डच्या भूमिकेत स्वतः महापौर कील घोड्यावरून रंगमंचावर आले, हा प्रसंग गमतीचा म्हणून नेहमी सांगितला जातो. प्रत्यक्षात तो १९१४ च्या पेजंटमधील तत्त्वाचाच पुढचा भाग होता, कारण गावच नाटक करणार असेल तर गावाच्या प्रमुखाने प्रेक्षकांत बसून कसे चालेल? रंगमंचामागून त्या वेळी उघडी वाहणारी रिव्हर डे पेअर ही छोटी नदी पावसाने फुगली की नाटकाच्या आवारात शिरत असे, आणि पहिल्याच हंगामात तिने आपला हिसका दाखवला. पुढे शहराने ही नदी पार्काखालून मोठ्या नळांतून वळवली, पण पावसाला मात्र नळात घालता आले नाही; आजही पाऊस आला की प्रयोग थांबतो आणि हजारो माणसे छत्र्या उघडून वाट पाहत बसतात.

या संस्थेचा सर्वांत सूक्ष्म शोध मात्र कलेतला नसून जमाखर्चातला आहे, आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. नाटकमंडळीचे अर्थकारण साधारणपणे दोन प्रकारे चालते: महाराष्ट्रातील गंधर्व किंवा ललितकलादर्श यांसारख्या मंडळ्यांप्रमाणे मालक-नट स्वतःच्या जोखमीवर, बहुधा कर्ज काढून, खेळ करतो, किंवा एखादा राजा अथवा धनिक आश्रय देतो आणि मग त्याच्या लहरीवर मंडळी चालते. सेंट लुईसने तिसरा मार्ग काढला. जमीन शहराची, कारभार नफा न कमावणाऱ्या नागरी संस्थेचा, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी गावातील व्यापारी, पेढ्या व व्यक्ती यांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे ठरावीक रकमेची ‘हमी’ लिहून द्यायची, अशी ती व्यवस्था होती. हमी म्हणजे देणगी नव्हे. तिकीटविक्रीतून खर्च भागला तर हमीदाराला एक पैसाही द्यावा लागत नाही, तूट आली तरच ती हमीदारांत प्रमाणशीर वाटली जाते. त्यामुळे संस्थेला हंगामाच्या आरंभीच कलावंतांशी करार करण्याइतकी पत मिळाली, कोणा एकाच्या उपकाराखाली ती दबली नाही, आणि नाटक पडू नये यात शेकडो कुटुंबांचा थेट स्वार्थ गुंतला. ज्याने हमी दिली तो आपोआप गल्लोगल्ली नाटकाची जाहिरात करू लागला. शेवटच्या नऊ रांगा विनामूल्य ठेवण्याची चैन परवडली ती या व्यवस्थेमुळे, आणि उलट बाजूने पाहिले तर सार्वजनिक उद्यानाची जागा एका संस्थेला देण्याचे नैतिक समर्थन शहराला मिळाले ते त्या नऊ रांगांमुळे. दोहोंपैकी एक काढून घेतले असते तर दुसरे फार काळ टिकले नसते, असे खुशाल म्हणता येईल.

हे सारे उन्हाळ्यातच का घडले, याचे उत्तर हवामानात आणि यंत्रांच्या इतिहासात आहे. वातानुकूलन येण्यापूर्वी अमेरिकेतील बंदिस्त नाट्यगृहे उन्हाळ्यात असह्य होत, न्यूयॉर्कमधील अनेक खेळ त्या काळात बंद पडत आणि नट-गायक मोकळे असत. सेंट लुईसच्या दमट उकाड्यात रात्री घरात बसवत नसे, आणि पार्कात वारा तरी मिळे. महाराष्ट्रात तमाशाचे फड चैत्र-वैशाखाच्या जत्रांत गाजतात आणि पावसाळ्यात विसावतात. ऋतू आणि रंगभूमी यांचे हे नाते सर्वत्र असते, फक्त त्याचे गणित जागोजागी निराळे असते.

कामाची पद्धत ‘स्टॉक’ची होती, म्हणजे एकच संच दर आठवड्याला नवा खेळ करी: रात्री एका ऑपेरेटाचा प्रयोग आणि दिवसा, उन्हात, पुढच्या आठवड्यातील ऑपेरेटाची तालीम. मुख्य भूमिकांसाठी बाहेरचे कलावंत येत, परंतु वृंद गावातल्या तरुण-तरुणींतून निवडून शिकवून तयार केला जाई, आणि दुकानात वा शाळेत काम करणारी मुलगी संध्याकाळी व्हिएन्नातील सरदारकन्यांच्या घोळक्यात उभी राहून गाई. ध्वनिवर्धकांच्या आधीच्या त्या काळात हजारो माणसांपर्यंत आवाज पोहोचवायचा तर संख्या हाच उपाय होता, तेव्हा मोठा वृंद ही हौस नव्हती, ती गरज होती. रंगमंचावरचे ओक तोडायचे नाहीत असे ठरल्यामुळे पॅरिसचा चौक असो की जपानी उद्यान, नेपथ्यकाराला ते दोन वृक्ष गृहीत धरूनच सगळे रचावे लागे, आणि दर उन्हाळ्याला जगातील सर्व देशांत ओकची झाडे उगवत, याची गावाला सवय होऊन गेली. १९३० मध्ये फिरता रंगमंच बसल्यावर दृश्यबदल झटपट होऊ लागले. १९३१ च्या हंगामात तेथे गाऊन-नाचून गेलेला आर्ची लीच नावाचा इंग्रज तरुण पुढे हॉलीवूडमध्ये कॅरी ग्रँट या नावाने गाजला. परंतु अशी नावे मोजत बसणे हा म्युनीच्या स्मरणिकांचा छंद आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिलेला बरा.

१९३० मध्येच जेरोम कर्न आणि ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे ‘शो बोट’ म्युनीत आले, ही घटना अधिक वजनाची आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२७ च्या डिसेंबरात अवतरलेल्या या संगीत नाटकात मिसिसिपी नदीवरची नाटकनौका आहे, गोदीवर गाठोडी उचलणारे कृष्णवर्णीय मजूर आहेत आणि मिश्र वंशाच्या विवाहाला गुन्हा ठरवणारा कायदाही आहे. इतर शहरांना ही दूरची गोष्ट वाटली असेल; सेंट लुईसचा प्रेक्षक घरून निघताना तीच नदी मागे टाकून येत होता. ऑपेरेटातील काल्पनिक राजवाडे सोडून अमेरिकन संगीत नाटक स्वतःच्या देशाकडे पाहू लागले, तो क्षण आणि १९१४ च्या पेजंटने गाळलेली माणसे नदीच्या कथेत परत आली, तो क्षण एकच ठरला, जरी ती माणसे आली तीही गोऱ्या लेखकांच्या लेखणीतून. पुढे हे नाटक म्युनीने पुन्हा पुन्हा केले, आणि दर पिढीने त्यातील शब्दांशी नव्याने झगडा केला.

या नमुन्याचे अनुकरण इतरत्र झाले. डॅलसमध्ये १९४१ मध्ये, पिट्सबर्गमध्ये १९४६ मध्ये उन्हाळी ऑपेरेटा सुरू झाले. कॅन्सस सिटीच्या स्वोप पार्कातील स्टारलाइट नाट्यगृहाची कथा तर सेंट लुईसची आवृत्तीच वाटते, कारण तेथेही आधी १९५० मध्ये शहराच्या शताब्दीचे पेजंट झाले आणि मग १९५१ पासून संगीत नाटकांचे हंगाम भरू लागले. पॉल ग्रीन यांनी १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील रोआनोक बेटावर ‘द लॉस्ट कॉलनी’ सुरू करून निराळीच दिशा दाखवली: एकच ऐतिहासिक नाटक, जेथे घटना घडली त्याच जागी, दर उन्हाळ्यात. त्याचा विचार स्वतंत्रपणे करणेच योग्य.

वातानुकूलित चित्रपटगृहे आणि दूरचित्रवाणी आल्यावर उघड्या प्रेक्षागृहाचा मूळ आधारच गेला, आणि एके काळी वाऱ्यासाठी येणाऱ्या प्रेक्षकाला वारा देण्यासाठी प्रचंड पंखे बसवावे लागले. अमेरिकेतील पुष्कळ उन्हाळी नाट्यगृहे या काळात बंद पडली किंवा छताखाली गेली. मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवनात शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मोठ्या आवाजाचे कार्यक्रम थांबले, हे आठवणाऱ्या वाचकाला उघड्यावरचे नाट्यगृह किती निमित्तांनी मुके होऊ शकते हे सांगण्याची गरज नाही. म्युनी टिकली, पण न बदलता नव्हे: दहा-बारा खेळांचा हंगाम सातावर आला, ऑपेरेटाची जागा न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील म्युझिकलने घेतली, गावातील मुले आणि किशोर यांचे संच प्रयोगांत सामील होऊ लागले आणि हमीदारांच्या जागी मोठे देणगीदार व प्रायोजक आले. हा शेवटचा बदल प्रस्तुत लेखकाला तोट्याचा वाटतो. देणगीदाराचे नाव फलकावर लागते, हमीदाराचा जीव तिकीटबारीत अडकलेला असे.

२०१८ मध्ये संस्थेने शंभरावा हंगाम साजरा केला आणि २०१९ मध्ये जुना मंच पाडून नवा उभा राहिला. २०२० च्या साथीत रंगमंचावरचा हंगाम रद्द झाला आणि १९१९ नंतर प्रथमच ते प्रेक्षागृह उन्हाळाभर रिकामे राहिले. एका प्रादेशिक नाट्यसंस्थेला दरवर्षी दिला जाणारा टोनी पुरस्कार, म्हणजे अमेरिकन रंगभूमीवरील सर्वोच्च मानल्या जाणाऱ्या पुरस्कारांपैकी एक, २०२५ मध्ये म्युनीला मिळाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यातही शेवटच्या नऊ रांगांना तिकीट नव्हते.